साखरेच्या गावात खिरीची वर्गणी

दौंड-मनमाड लोहमार्गावर श्रीरामपूरला उतरायचे असेल तर तिकीट ‘बेलापूर’चे काढावे लागते. स्थानकाचे नाव बेलापूर, त्याच्या भोवती वाढलेले शहर श्रीरामपूर, आणि खरे बेलापूर तिथून काही किलोमीटर दक्षिणेला प्रवरेच्या काठी, बुद्रुक आणि खुर्द अशा दोन गावांत वाटलेले. नवी मुंबईच्या बेलापूरशी होणारा घोटाळा वेगळाच. पण रेल्वेने हे नाव उगाच उचलले नाही. श्रीरामपूर वसण्याआधीपासून इथली मोठी पेठ बेलापूरच होती.

या पेठेला पाणी मिळाले ते भंडारदऱ्याचे. १९२६ साली ते धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि बाजरीचा मुलूख उसाचा झाला. जवळच्या हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला, आणि पुढच्या पन्नास वर्षांचे महाराष्ट्राचे राजकारण त्याच पाण्यावर पोसले. इथे एवढेच ध्यानात ठेवायचे, की हा देशाला साखर पुरवणारा पट्टा आहे.

आता २८ जानेवारी २०२५ चा शासन निर्णय पाहा. शाळेतल्या दुपारच्या जेवणात खीर, नाचणीसत्त्व असे गोड पदार्थ ऐच्छिक ठरले. त्यांना लागणाऱ्या साखरेसाठी आणि आठवड्याच्या अंड्यासाठी शासन वेगळे पैसे देणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीने ते लोकसहभागातून उभे करावेत, असे ठरले. म्हणजे प्रवरेच्या खोऱ्यातल्या शाळेने पोरांच्या खिरीत साखर घालण्यासाठी गावात वर्गणी मागायची.

रक्कम किती? शंभर मुलांच्या शाळेत ताटामागे पंचवीस ग्रॅम धरली तर अडीच किलो साखर. किरकोळ दुकानात सव्वाशे रुपयांच्या आत. एवढे तर सरपंचही खिशातून देईल, असे कुणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. प्रश्न सव्वाशे रुपयांचा नाहीच. हे जेवण मुलाचा हक्क म्हणून येते की गावाची मेहेरबानी म्हणून, आणि गावातल्या मालाला त्यात गिऱ्हाईक मिळते की नुसता दाता शोधला जातो, हा आहे.

ताट कसे भरते ते आधी बघू. योजनेचे आजचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण, ‘पीएम पोषण’. गावात तिला अजून ‘खिचडी’च म्हणतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला दीडपट. धाकट्यांच्या पोटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने जावीत, थोरल्यांच्या ७०० आणि २० ग्रॅम. तांदूळ केंद्राचा, फुकट. बाकीच्या साहित्याला आणि इंधनाला मे २०२५ च्या दराने धाकट्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि थोरल्यामागे १० रुपये १७ पैसे. त्यात केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस.

पुन्हा शंभर धाकट्या मुलांची शाळा घ्या. रोज दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल. हाताशी ६७८ रुपये. डाळ १२० रुपये किलो धरली तर २४० तिथेच गेले. तेलाचे सत्तर-पंचाहत्तर. उरलेल्या साडेतीनशेत भाजी, मीठ-मसाला आणि गॅस. हिशेब काठावर बसतो आणि मेथीची जुडी महागली की मोडतो.

पण हे ६७८ रुपये शाळेच्या हातात येतच नाहीत. आपल्याकडे ग्रामीण भागात डाळी, कडधान्ये, तेल, जिरे-मोहरी, हळद, तिखट हे सगळे निविदेतून नेमलेला पुरवठादार आणून टाकतो. शाळेच्या खात्यात येते ते इंधन आणि भाजीपाल्याचे अनुदान. म्हणजे योजनेचा जो पैसा गावात खर्च होऊ शकतो, तो भाजी आणि गॅसपुरता. त्यातला गॅसचा पैसाही गावात राहत नाही. राहता राहिली रोजची पाच किलो भाजी.

तीही रोख घेतली जातेच असे नाही. अनुदान आठवड्याच्या बाजारासारखे वेळेवर येत नाही. कुणाही मुख्याध्यापकाला विचारा, तो आधी दारे-खिडक्या बघेल आणि मग सांगेल, की भाजीवालीची वही महिनोन् महिने चालते, अधूनमधून गुरुजी स्वतःच्या पगारातून ती मिटवतात आणि अनुदान आले की वळते करून घेतात. शासनाची उधारी अशी भाजीवालीच्या डोक्यावर बसते. ज्या बाईला त्याच दिवशी संध्याकाळी व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे असतात, ती शासनाला बिनव्याजी कर्ज देते. ‘स्थानिक खरेदी’चा आपल्याकडचा सर्वांत जुना नमुना हाच.

केंद्राच्या कागदावर मात्र चित्र निराळे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेला नवे नाव आणि २०२५-२६ पर्यंत मंजुरी देताना मंत्रिमंडळाने एकूण १ लाख ३० हजार ७९५ कोटींची तरतूद सांगितली. त्याच निर्णयात म्हटले होते, की अंमलबजावणीत शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सामील करून घ्यावे, स्थानिक पारंपरिक पदार्थांना उत्तेजन द्यावे, शाळेत परसबाग करावी, गावकऱ्यांनी ‘तिथी भोजन’ घालावे. यातली परसबाग झाली, तिच्या स्पर्धा झाल्या, फोटो चढले. तिथी भोजनही होते, वाढदिवसाला केळी वाटली जातात. शेतकरी कंपनीकडून तूर घेतली, अशी बातमी मात्र दुर्मीळ. चारांतल्या ज्या गोष्टी फुकट होत्या त्या उचलल्या गेल्या आणि जिला बिल लागते ती राहिली, यात मला योगायोग दिसत नाही.

शाळेतल्या जेवणाचा आणि गावच्या शिवाराचा संबंध तसा कधी नीट जुळलाच नव्हता. १९७२ च्या दुष्काळात वाढलेली पिढी अजून मिलोची आठवण काढते. अमेरिकेतली तांबडी ज्वारी, रेशनवर मिळायची, भाकरी थापली तर थापता येईना. दुष्काळी कामावर आणि शाळेत सुकडी मिळे, मुले ती खिशात भरून नेत. अमेरिकेने स्वतःचा शालेय भोजन कायदा १९४६ साली केला तेव्हा त्यात दोन हेतू शेजारी शेजारी लिहिले होते: मुलांचे आरोग्य आणि देशातल्या शेतमालाचा खप. त्यांच्या जादा पिकाला गिऱ्हाईक म्हणून त्यांची मुले होती, आणि पुढे पीएल-४८० ची धान्यमदत आली तेव्हा आपणही झालो. दुसरा हेतू आपल्या योजनेत स्पष्ट कधी आलाच नाही. आला तो आडवाटेने: भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामात साठलेला तांदूळ आणि गहू कुठेतरी लावायचा होता.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली, महाराष्ट्रात ती २२ नोव्हेंबरपासून लागू झाली. ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ, कोरडा. घरी पिशवी घेऊन जायची. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेत फर्मावले, की शिजवलेलेच अन्न द्या, किमान ३०० उष्मांक, वर्षात किमान २०० दिवस. मग शाळेच्या पडवीत चुली मांडल्या गेल्या. कोरड्या तांदळाची खिचडी झाली, तांदूळ तोच राहिला.

बेलापूरचा अहिल्यानगर जिल्हा हा बाजरी खाणारा. बागायती आली तशी गव्हाची पोळी आली, पण थंडीत बाजरीची भाकरी आजही घरोघर आहे. इथल्या मुलाचे शाळेतले जेवण मात्र तीस वर्षे भाताचेच. आणि पुढे तो भात लोहयुक्त झाला. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी घोषणा केली आणि वर्षभरात शाळा-अंगणवाड्यांत पोषणतत्त्वे मिसळलेला, ‘फोर्टिफाइड’ तांदूळ पोहोचला. पिठापासून बनवलेले लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ चे दाणे नेहमीच्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात मिसळायचे. धुताना ते तरंगतात, रंगाने किंचित वेगळे दिसतात. आयांनी ते निवडून फेकले, गावोगाव ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आल्याची आवई उठली, अधिकाऱ्यांना खुलासे करत फिरावे लागले.

आता बेलापूरहून नदी ओलांडून राहुरीकडे जा. शेजारचाच तालुका. तिथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, १९६८ पासून. या विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या संशोधन संस्थेने मिळून ‘धनशक्ती’ नावाचा बाजरीचा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आणला. लोह आणि जस्त भरपूर असलेला, जैवसंपृक्त म्हणून देशात प्रसारित झालेल्या पहिल्या वाणांपैकी एक. दाण्यातच लोह. वेगळे मिसळायला नको, तरंगत नाही, आवई उठत नाही. त्यानंतर विद्यापीठाने आणखीही लोहयुक्त संकरित बाजऱ्या दिल्या. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, राज्याने दोनशे कोटींचे अभियान जाहीर केले, तृणधान्याच्या पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. शेजारच्या विद्यापीठाची बाजरी शेजारच्या शाळेत रोजच्या ताटात जाण्याचा रस्ता मात्र तयार झाला नाही, कारण तांदूळ फुकट येतो आणि बाजरी विकत घ्यावी लागते. मोफत मालाशी कोणता शेतकरी स्पर्धा करणार?

प्रवरेच्या वरच्या अंगाला अकोले तालुका. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. वाल, घेवड्याचे कितीतरी वाण त्यांच्या बियाणे बँकेत आहेत. जून २०२४ मध्ये राज्याने शाळेच्या जेवणाची त्रिस्तरीय रचना ठरवली तेव्हा मोड आलेली कडधान्ये त्यात आवर्जून घातली. कल्पना चांगली. मटकी-चवळी-वाटाण्याची यादीही चांगली. फक्त ती गोणी पुरवठादाराच्या ट्रकमधून उतरते. राहीबाईंच्या खोऱ्यातला वाल पुण्यामुंबईच्या प्रदर्शनात जातो, अकोल्याच्या शाळेत जात नाही.

अंड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तीच एकमेव वेळ होती की राज्याने खरोखर पैसे देऊन गावच्या मालाला शाळेचे दार उघडले. नोव्हेंबर २०२३ चा निर्णय: आठवड्यातून एक दिवस उकडलेले अंडे, किंवा अंडा पुलाव, बिर्याणी. न खाणाऱ्याला केळे किंवा स्थानिक फळ. दर अंड्याला पाच रुपये. अंडी पुरवठादाराच्या ट्रकमधून येणार नव्हती, शाळेने जवळपास घ्यायची होती. शंभर मुलांची शाळा म्हणजे आठवड्याला शंभर अंडी, ठरलेल्या वारी. गावातल्या एखाद्या बचत गटाने गावरान कोंबड्यांचा लहानसा खुराडा सांभाळला तरी भागेल, एवढीच ही मागणी. सावकार नको, व्यापारी नको, गिऱ्हाईक पक्के.

लगेच दोन अडचणी आल्या. हिवाळ्यात किरकोळ बाजारात अंडे सहा-सात रुपयांवर गेले आणि शासनाचे पाच रुपये पुरेनात. वरचा रुपया-दीड रुपया मुख्याध्यापकाचा. दुसरी अडचण मोठी. वारकरी आणि जैन समाजांतून विरोध झाला, शाळेत अंडे शिजूच नये असे सांगण्यात आले. मग पालकांच्या संमतीच्या अटी आल्या, केंद्रीय स्वयंपाकगृहांना सवलती आल्या. हा वाद मी इथे सोडवणार नाही. एवढे मात्र नोंदवावे लागेल, की ज्याला खायचे नाही त्याला केळे होतेच, आणि जळगावचे केळे काय किंवा गावच्या बांधावरचे पेरू काय, तेही स्थानिकच. अंडे आणि केळे दोन्ही एकाच पैशातून यायचे. पैसा थांबला तेव्हा दोन्ही गेले.

वर्षाला सुमारे पन्नास कोटी, असा या अंड्यांच्या खर्चाचा आकडा तेव्हा वृत्तपत्रांत आला. राज्यात या योजनेखाली एक कोटीच्या घरात मुले. भागून बघा: मुलामागे वर्षाला पन्नास रुपये. लोकसहभागातून उभे करा म्हणून सांगितले ते हे. बेलापूरसारख्या पेठेच्या गावात लोक देतीलही. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवर, जिथे अंड्याची गरज सगळ्यांत जास्त, तिथे कोण कुणाला देणार? लोकवर्गणीचा हा गुणधर्मच आहे, की ती जिथे गरज कमी तिथे भरपूर गोळा होते.

माल कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न एकदा न्यायालयानेच उभा करून सोडवायला लावला होता, अंगणवाडीच्या आहाराबाबत. ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट बजावले: अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावसमाज, बचत गट, महिला मंडळे यांच्यामार्फत पैसा खर्च करा. आपण त्यातून वाट काढली. महिला मंडळेच कंत्राटदार झाली. न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या अशा तीन बड्या संस्थांमागे खासगी कंपन्या असल्याचे दाखवले. पुढे २०१६ च्या निविदेत उलाढालीच्या आणि यंत्रसामग्रीच्या अशा अटी आल्या, की खऱ्या बचत गटाला त्या दारातून आत जाताच येऊ नये. वैष्णोराणी महिला बचत गटाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ फेब्रुवारी २०१९ ला त्या अटी रद्द झाल्या. एका बचत गटाला केवळ आपल्या भागात आहार शिजवून देण्याचा अधिकार मागायला दिल्लीला जावे लागले.

म्हणून ‘स्थानिक खरेदी करा’ एवढे म्हणून भागत नाही, हे मला मान्य आहे. मुख्याध्यापकांची बाजूही ऐकलीच पाहिजे. चव नोंदवही, साठा नोंदवही, ॲपवर रोजची हजेरी, पाहुण्यांच्या भेटी, आणि मध्ये वेळ मिळाला तर शिकवणे. त्यांच्यावर डाळीची खरेदीही टाकली तर खोट्या पावत्या होतील, गावातल्या वजनदार माणसाच्याच दुकानातून माल येईल. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात विषारी अन्नाने २३ मुले गेली, ते तेल कीटकनाशकाच्या डब्यातले होते. निविदेचा ट्रक कंटाळवाणा असला तरी निदान त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर आणखी काम टाकायचे तर त्यांच्या मानधनाकडेही बघा: केंद्राने २००९ साली ठरवलेले महिना एक हजार आजही एक हजारच आहे, राज्याने भर घालून ते अडीच हजार केले. त्यात रोज शंभर ताटे, भांडी आणि मोड आणायला आदल्या रात्री भिजवलेली मटकी.

म्हणजे खरेदी शाळेने नको आणि मंत्रालयानेही नको. मधली पातळी ब्राझीलने शोधली. २००९ च्या त्यांच्या कायद्याने केंद्राकडून येणाऱ्या शालेय भोजनाच्या पैशातला किमान तीस टक्के पैसा लहान कुटुंबशेतीकडूनच खरेदी करायला लावला. निविदा नाही. नगरपालिका आधी काय पाहिजे आणि कोणत्या दराने, हे जाहीर करते, शेतकरी गट देतात, आणि गावातल्याला बाहेरच्यापेक्षा प्राधान्य. कायद्यातच आकडा असल्यामुळे तो लोकसहभागावर ढकलता येत नाही.

अमेरिकेने २०२१ नंतर हाच धागा पकडला होता. शाळांना आणि अन्नपेढ्यांना जवळच्या शेतकऱ्यांकडून माल घेण्यासाठी केंद्राचा पैसा. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने तो बंद केला, दोन्ही मिळून एक अब्ज डॉलरवर. ज्या शेतकऱ्यांनी शाळेच्या भरवशावर गाजर-पालक पेरले होते ते अडकले. आपली अंडी त्याआधी जेमतेम सहा आठवडे बंद झालेली. रकमेत जमीन-अस्मानाचा फरक, पण तुटण्याची जागा एकच: हा पैसा कायद्यात नव्हता, आदेशात होता.

घरातलेच उदाहरण हवे तर कर्नाटक. १ ऑगस्ट २०१३ पासून ‘क्षीरभाग्य’ योजनेत शाळेच्या मुलांना १५० मिलीलिटर दूध मिळू लागले. त्यांच्या दूध महासंघाकडे भुकटीचे ढीग साठले होते, दर पडले होते. मुलाला दूध आणि उत्पादकाला उठाव, एकाच तरतुदीत. आपल्या जिल्ह्यात दूध उत्पादक दराच्या प्रश्नावर रस्त्यावर येतात. जुलै २०२४ मध्ये अकोल्यातल्या कोतूळला आंदोलन आठवडेच्या आठवडे चालले. राज्याने लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान दिले, ते खात्यात पडण्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्यापासून सगळी नोंद जुळावी लागे. तोच पैसा शाळेच्या मागणीच्या रूपाने आला असता तर? शंभर मुलांना रोज १५० मिलीलिटर म्हणजे पंधरा लिटर. बेलापूरच्या एखाद्या वस्तीवरच्या दोन संकरित गाईंचे दूध.

एक जुनी गंमत यानिमित्ताने आठवते. २०२१ मध्ये कोविडमुळे शाळा बंद, तेव्हा उन्हाळी सुटीच्या आहाराचे पैसे मुलांच्या बँक खात्यात टाकायचे ठरले. पहिली ते पाचवीला १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४. खाते उघडायला आई-बापाची मजुरी बुडायची, कागदपत्रांच्या झेरॉक्सला पैसे जायचे. राज्यभर शिक्षकांनी डोक्याला हात लावला. ज्या यंत्रणेला मुलामागे १५६ रुपये पोहोचवायला आधारजोडणी सुचते, तिला पाच किलो मेथीचे बिल पंधरा दिवसांत काढणे का सुचत नाही, हे कोडे आहे.

पीएम पोषणची २०२१ ची मंजुरी मार्च २०२६ पर्यंतचीच होती. पुढच्या टप्प्याच्या निकषांत राज्याला तीन गोष्टी मागता येतील. तांदळाच्या काही भागाऐवजी तेवढ्याच किमतीची बाजरी किंवा ज्वारी जिल्ह्यातच हमीभावाने खरेदी करण्याची मुभा. साहित्याच्या दरातला ठरावीक हिस्सा तालुक्याच्या दरपत्रकावर शेतकरी कंपन्या आणि बचत गटांसाठी राखीव. आणि त्यांचे बिल पंधरा दिवसांत, उशीर झाला तर व्याजासह. तिसरी अट पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची, हे भाजीवालीला विचारले तर ती चटकन सांगेल. अंडे, केळे, साखर, दूध हे त्या राखीव हिश्श्यातून येईल. वर्गणी गावाने शाळेच्या रंगरंगोटीसाठी जरूर काढावी.

श्रीरामपूर तालुक्यातल्या शेतकरी कंपनीने उद्या ठरवले, की आपण तालुक्याच्या सगळ्या शाळांना तूरडाळ देतो, तर आज तिला अर्ज करायला टेबलच नाही. पंचायत समितीत विचारले तर जिल्हा परिषद, जिल्हा परिषदेत विचारले तर पुणे. बेलापूर स्थानकावरून पुण्याला दौंडमार्गे थेट गाडी आहे, ही त्यातली सोय.